डोळ्यांची आखणी

टर्पेंटाइनचा वास आला की हमरापूरच्या आमच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. गणपतींचे डोळे आखणारा माझा धाकटा भाऊ कोरणी घेऊन आतून कडी लावून बसला होता. "नाय उघडणार दादा. सगळ्या मूर्ती माझ्याकडंच बघतायत, मी माझेच डोळे फोडतो." पूर्वी त्याला बरं करणारे मनाचे डॉक्टर रोह्याहून धावत आले, तर मी त्यांच्यावरच भडकलो, "हाच काय तुमचा गुण?" ते दाराशी खाली बसले आणि हळूच म्हणाले, "बाळा, गोळ्या कधी सोडल्यास?" आतून उत्तर आलं, "गोळ्यांनी हात थरथरतो, रेघ वाकडी जाते, म्हणून दादानंच बंद केल्या." बऱ्याच वेळानं कडी निघाली आणि त्यानं कोरणी डॉक्टरांच्या हातात दिली, माझ्या नाही. तो प्रश्न त्यांनी बाहेर जमलेल्या आमच्या कारागिरांसमोर विचारायला नको होता, हे मला अजून खुपतं. पण आता त्याच्या गोळ्या पुन्हा चालू आहेत, आणि भावाची कापरी रेघ दाखवून कुणी भाव पाडू लागलं, तर ती मूर्ती मी विकत नाही.