बायकांच्या आवाजाचे आठ फर्मे

प्रेसमध्ये तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथे मशीनमन होता. ती स्वतः त्याच प्रेसमध्ये सत्तावीस वर्षं कंपोजिंग करत होती, आधी शिशाचे खिळे जुळवत, मग कॉम्प्युटरवर. पण म्हणून तिला दुसरं काही म्हणावं असं कुणाला सुचलं नाही. नवऱ्याला कुणी वहिनींचा नवरा म्हटलं असतं, तर त्याने मशीन बंद करून भांडण काढलं असतं.

इंग्रजी ती प्रेसमध्येच शिकली. औषधांच्या खोक्यात घड्या घालून ठेवायची इंग्रजी पत्रकं छापणं हा प्रेसचा पोटापाण्याचा धंदा. वापरण्यापूर्वी हलवा, थंड जागी ठेवा, दोन दिवसांत गुण न आल्यास डॉक्टरांना भेटा. अशा भाषेत वर्षानुवर्षं बोटं बुडवल्यावर ती त्याच भाषेत कविता लिहायला लागली, रद्द प्रुफांच्या पाठीवर. इंग्रजीतच का, तर घरची भाषा घरात सगळ्यांना वाचता येत होती.

प्राध्यापक या प्रेसचे जुने गिऱ्हाईक. आपल्याकडच्या बायकांनी इंग्रजीत लिहिलेल्या कवितेवर त्यांनी वीस वर्षं काम केलं होतं. घरी बायको बोलायला लागली की ते कामाला बसत, त्यामुळे काम भरपूर झालं होतं. आता त्यांनी एकतीस कवयित्रींचा संग्रह संपादित केला. त्यात त्यांची प्रस्तावना चौऱ्याहत्तर पानांची. उरलेल्या पानांत एकतीसजणी दाटीवाटीने बसवल्या. प्रस्तावनेची प्रुफं त्यांनी पाच वेळा तपासली. कवितांच्या गठ्ठ्यावर वरच्या वर ‘ठीक’ लिहून तो परत पाठवला.

छपाईच्या आदल्या दिवशी एका कवयित्रीने कविता मागे घेतली. कवितेतली सासू कोण, हे सासूला कळलं होतं. आता पान एकशे नऊ रिकामं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. मधलंच पान उपटून चालत नाही.

“काहीतरी टाका हो वहिनी,” प्राध्यापक फोनवर म्हणाले. “वेलबुट्टी टाका.”

दुपारी डबा खाताना ती नवऱ्याला म्हणाली, “वेलबुट्टीऐवजी माझी टाकते.”

“तुझी काय?”

“कविता.”

नवऱ्याने घास तसाच हातात धरला. “हे कधीपासून?”

“मोठी पहिलीत होती तेव्हापासून.” मोठीला आता स्वतःची दोन मुलं होती.

“आणि मला बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत? खाली नाव घालू?”

“नावबिव नको. मालक दोघांनाही एकाच दिवशी घरी बसवेल.”

जागेवर येऊन तिने कविता लावली. खाली नाव घातलं, थोडा वेळ बघितलं आणि पुसलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं छापली होती. स्वतःचं पुसताना इतकं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

कविता म्हणजे एक पत्रकच होतं. रोज वापरावी. घरातल्या सर्वांच्या हाताशी ठेवावी. रिकाम्या पोटीही चालते. दुष्परिणाम: क्वचित बोलते.

प्रकाशनाला नवरा-बायको पुस्तकांचे गठ्ठे घेऊन गेले आणि मागच्या रांगेत टेकले. व्यासपीठावर बायकांच्या आवाजाबद्दल बोलायला तीन पुरुष होते. कवयित्रींची सोय खाली केली होती, ऐकायला. एका ज्येष्ठ समीक्षकांनी नेमकं पान एकशे नऊ उघडलं, कविता वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले की संग्रहात हिच्या तोडीची दुसरी नाही. औषधाच्या पत्रकाची भाषा अशी उलटवायची, तर बाई परदेशात शिकलेली असणार. कोण ही?

प्राध्यापकांनी ती कविता त्या क्षणी पहिल्यांदा ऐकली होती. पण वीस वर्षांचा अभ्यास कामी आला. “त्यांना अज्ञात राहायचं आहे,” ते म्हणाले. “कविता द्यायला त्यांना तयार करण्यात माझी दोन वर्षं गेली.”

“दोन वर्षं?” नवरा कुजबुजला. “कधी गं?”

“गप्प बसा.”

दोन महिन्यांत कॉलेजांच्या ग्रंथालयांनी प्रती संपवल्या. दुसऱ्या छपाईसाठी प्राध्यापक दुरुस्त्या घेऊन आले, अर्थात प्रस्तावनेतल्या. वहिनीने खुर्ची फिरवली.

“सर, एकशे नऊवरची माझी आहे. आता खाली नाव घालते.”

ते हसले. तिने टेबलाच्या खणातून चाळीसेक प्रुफं काढून उलटी करून पुढे ठेवली. त्यांनी उभ्याउभ्या दोन वाचल्या आणि मग हसायचे थांबले.

“चांगल्या आहेत,” त्यांनी घसा साफ केला. “पण असं बघा वहिनी, नाव नसणं हीच त्या कवितेची ताकद आहे. तो सगळ्या बायकांचा आवाज आहे. नाव घातलं की तो एका बाईचा होईल.”

“मग प्रस्तावनेखालचं तुमचंही काढते. ती सगळ्या पुरुषांची होईल.”

आतलं मशीन थांबलं. नवरा फडक्याला हात पुसत दारात येऊन उभा राहिला. प्राध्यापकांनी मालकाच्या केबिनकडे पाहिलं. आठ दिवसांत पुस्तक द्यायचं आणि कंपोजिंगला दुसरं माणूस नाही, हे माहीत असल्यामुळे मालकाला एकाएकी फोनमध्ये महत्त्वाचं काहीतरी सापडलं होतं.

“बरं,” प्राध्यापक म्हणाले. अकरा वर्षं ते या टेबलाशी येत होते. “नाव काय तुमचं?”

तिने सांगितलं नाही. कीबोर्ड पुढे ओढला.

“आडनाव कुठलं घालतेस?” नवऱ्याने दारातूनच विचारलं. “आपलं की माहेरचं?”

“कुठलंच नाही. नुसतं माझं.”

नवऱ्याने प्राध्यापकांकडे बघितलं आणि आत जाऊन मशीन सुरू केलं. संध्याकाळी सातवा फर्मा मशीनवर चढला. पहिला कागद त्याने उजेडात धरला, इंग्रजी वाचता येत असल्यासारखा बराच वेळ पाहिला आणि आणून तिच्या हातात दिला.

“नावावर शाई जरा जास्त बसलीय. कमी करू?”

“राहू दे,” ती म्हणाली.