सांध्यापासून वीतभर लांब

खाजाभाई कोपरगावकडं तीस वर्षं वेल्डिंग करत होते. जानेवारीत एका साखर कारखान्यात त्यांनीच जोडलेली उसाच्या रसाची टाकी सांध्याशेजारी तडकली. उकळता रस सहादेवच्या दोन्ही पायांवर आला. तिथला कामगार सहादेव त्यांच्याच आळीतला. कारखान्याचे मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले, "जोड जास्त तापवला असणार." खाजाभाईंना स्वतःलाच तसं वाटत होतं.

तडकलेला तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला. निकाल फोनवर ऐकायचा धीर नव्हता, म्हणून ते स्वतःच गेले. तपासणाऱ्या अश्विनीनं त्यांना पडद्यासमोर बसवलं.

"चाचा, सांध्याजवळच्या पोलादाचा हा काप केसाहून पातळ केलाय. मशीन त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत टिंबाटिंबानं आपोआप फिरवतं. प्रत्येक टिंबाशी ठिपक्यांची नक्षी उमटते. त्यावरून स्फटिकाची जात संगणक ओळखतो आणि रंग भरतो. हिरवा, निळा चांगला. लाल ठिसूळ."

पडदा हळूहळू भरत गेला. हिरव्या-निळ्या कणांच्या कडेनं लाल रेघा उमटल्या.

"म्हंजी जोड जास्तच तापला. माझ्याच हातनं झालं."

"थांबा. हा दुसरा काप बघा, सांध्यापासून वीतभर लांबचा."

तिथंही तसाच लाल रंग होता.

"तुमची आच इथवर पोचत नाही," अश्विनी म्हणाली. "पत्रा बनवतानाच नीट थंड केला नव्हता. आला तोच ठिसूळ."

खाजाभाईंनी महिनाभराचा कोंडलेला श्वास सोडला आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना आठवलं. त्याच पत्र्याची दुसरी टाकी त्यांनी त्याच कारखान्यात जोडली होती. ती आत्ता चालू होती, आणि तिच्याखालून माणसांची ये-जा होती.

त्यांनी कारखान्यातल्या फोरमन रामहरीला फोन लावला. "दुसऱ्या टाकीची वाफ बंद कर. माणसं खालनं काढ."

"सायबांना इचारतो की."

"मागनं इचार. आधी माणसं काढ."

फोन चालूच राहिला. नुसते पळापळीचे आवाज येत होते. खाजाभाई खुर्चीची कड धरून बसले. बऱ्याच वेळानं रामहरीचा आवाज आला, अगदी बारीक.

"खाजाभाई, टाकी रिकामी केली. बुडाशी चीर हाय. बोटभर लांब."

सहादेव आता काठी घेऊन चालतो. खाजाभाईंवरचा ठपका कागदोपत्री पुसला गेला. ते अजून वेल्डिंग करतात, पण आपण जोडलेल्या टाकीखालून जायची वेळ आली की वळसा घालून जातात.