खापरासाठी बॅग

पारोळ्याच्या बाजारपेठेत रेक्झिनची कव्हरं टांगलेलं एक लहानसं दुकान आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा यांच्या सीटा शिवणारे नवल पाटील तिथे बसतात. दुकानामागच्या घरात त्यांची बायको कुंदाबाई. नवलभाऊंचं काम चांगलं असलं तरी लोक त्यांना ओळखतात ते कुंदाबाईंचा नवरा म्हणून, कारण पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत कुणाकडे लग्न असो की आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण, पुरणाचे मांडे करायला कुंदाबाईच लागतात.

मांडा करायचा म्हणजे पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. खापर परातीएवढं रुंद असतं. नवं असताना ते नीट भाजत नाही, मांडा धरून ठेवतं. चुलीला सरावलं की मग त्याच्यावर मांडा रुमालासारखा सुटतो. कुंदाबाईंचं खापर तर सासूच्या वेळचं होतं, काळंभोर. लग्नाच्या घरी त्या ते मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायच्या. दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत.

विमानाचं प्रकरण सुरू झालं ते नूतनमुळे. नूतन ही कुंदाबाईंच्या बहिणीची मुलगी, जळगावला कॉलेजात शिकवते. तिने मावशीचा मांडे करतानाचा व्हिडिओ मोबाईलवरून सगळीकडे पाठवला. महिनाभरात हैदराबादच्या खानदेशी मंडळाचा फोन आला. जळगावहून थेट विमान आहे, तिकीट आम्ही काढतो, फक्त खापर तेवढं घेऊन या.

"खापर मांडीवर लई बसू का?" कुंदाबाईंनी विचारलं.

"नाही मावशी, ते वर ठेवायच्या सामानाच्या मापात बसत नाही. खाली, विमानाच्या पोटात जाणार," नूतन म्हणाली.

विमानाच्या पोटात म्हणजे नेमकं कुठे, ते कुंदाबाईंना समजलं नाही. त्यांनी खापर दोन गोधड्यांत गुंडाळलं, हितेंद्रची, म्हणजे मुलाची, हॉस्टेलच्या दिवसांतली कापडी बॅग घेतली, आणि चेन लागत नव्हती म्हणून वरून सुतळी बांधली. हैदराबादला सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून बॅग आली तेव्हा ती उचलताच आत खडी हलल्यासारखा आवाज झाला. कुंदाबाईंनी बॅग उघडली नाही. तशीच हातगाडीवर ठेवली आणि मंडळाची माणसं शोधत बाहेर निघाल्या.

तिथे त्यांनी लोखंडी कढई पालथी घालून मांडे केले. काही करपले, काही कडक झाले. लोकांनी मात्र टाळ्या वाजवून खाल्ले, फोटो काढले आणि पुढच्या वर्षीचंही आमंत्रण दिलं. कुंदाबाईंना याचंही नवल वाटलं. यांना फरक कळला नाही, की कळूनही बोलले नाहीत? परतताना त्यांनी सासूच्या खापराचे तुकडे त्याच बॅगेतून घरी आणले. नवलभाऊंनी विचारलं, "आते याचं काय करशी?" त्यांनी तुकडे कोनाड्यात ठेवून दिले.

त्यानंतर कुंदाबाईंनी नवं खापर आणून चुलीवर सरावून घेतलं, आणि आमंत्रणं येतच राहिली. एका मंडळाचं दुसऱ्याने ऐकलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. बेंगळुरूचं बोलावणं आलं तेव्हा नूतन म्हणाली, "आता चांगली बॅग घ्यायचीच. तू येत-जात राहणार आहेस."

जळगावला बॅगांचं एक जुनं दुकान आहे. गादीवर सुगनचंदशेठ बसतात आणि उभं राहून माल दाखवतो तो त्यांचा नातू अर्हम. अर्हमने एकामागून एक बॅगा काढल्या. ही पॉलिकार्बोनेटची, ही पॉलिप्रॉपिलीनची, ही साध्या फायबरची. ही दाबली की आत जाते आणि परत बाहेर येते, ती जास्त कडक पण थंडीत तडकू शकते. ही चार चाकांची, बोटाने ढकलली तरी चालते. ती दोन चाकांची, ओढावी लागते. चेन असलेली, चेन नसलेली, खटक्यांची. कुंदाबाई प्रत्येक बॅगेवर टिचकी मारून आवाज ऐकत होत्या, माठ घेताना ऐकतात तसा.

"मावशी, ही बघा," असं म्हणून अर्हम एका पिवळ्या बॅगेवर चक्क दोन्ही पायांनी उभा राहिला.

"उभा ऱ्हायना ते ठीक शे भाऊ," कुंदाबाई म्हणाल्या, "पन तठे कोनी उभं ऱ्हास नही. तठे फेकतस."

सुगनचंदशेठ गादीवरून म्हणाले, "बाई, माझं ऐकाल तर कापडाची घ्या. कापड मार खातं, वाकतं, पुन्हा सरळ होतं. हे प्लास्टिक एकदा तडकलं की संपलं."

"दादाजी, आता कोण घेतं कापडाची?" अर्हम म्हणाला. "पावसात भिजली तर सगळं ओलं."

"मी तीस वर्षं कापडाचीच वापरली."

"तुम्ही रेल्वेने जायचात."

आजोबा-नातवाचं एकमत होईना आणि कुंदाबाईंना दोघांचंही पटत होतं. कापडाची घ्यावी तर हैदराबादला काय झालं ते समोर होतं. कडक घ्यावी तर शेठ म्हणतात तडकते. त्यात नूतन मोबाईलवर वाचून सांगत होती की चार चाकं बाहेर असतात म्हणून लवकर मोडतात, पण पाठ दुखत असेल तर चारच चांगली. शेवटी पिवळी बॅग घेतली ती रंगामुळे, लांबून ओळखू येईल म्हणून. बॅग टिकण्याची हमी लिहून मिळाली.

बेंगळुरूला जाताना मध्ये विमान बदलायचं होतं. बेंगळुरूला उतरल्यावर पट्ट्यावरून पिवळी बॅग आली. तिच्यावर एक ओरखडाही नव्हता. कुंदाबाईंनी हात फिरवून चारी बाजू पाहिल्या, चाकं पाहिली, आणि पहिल्यांदाच विमानतळावर हसल्या. मंडळाच्या कार्यालयात जाऊन बॅग उघडली तर आत गोधडीमध्ये खापराचे सरळ तीन तुकडे.

त्यांनी तिथूनच नूतनला फोन लावला. "नूतन, बॅग मजबूत शे, तिले काहीच व्हयनं नही. मंग मन्हं खापर कसं फुटनं?"

नूतनला सांगता येईना. अर्हमलाही सांगता येईना. परत आल्यावर दोघी दुकानात गेल्या तेव्हा त्याने बॅग उलटसुलट करून पाहिली. "मावशी, बॅगेला तर काही झालेलं नाही. हमी बॅगेची आहे." त्याचं चुकत नव्हतं, आणि कुंदाबाई भांडायला गेल्याही नव्हत्या. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं. सुगनचंदशेठनी कापडी बॅगांच्या मांडणीकडे एकदा बघितलं.

घरी जेवताना नवलभाऊ म्हणाले, "खापर आतमा हाली ऱ्हायनं व्हई." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सीटांचा जाड फोम कापायला घेतला. खापराच्या मापाची गोल बॅग, बाहेरून रेक्झिन, आतून फोम, वर दोन पट्टे. चाकं नव्हती, कारण चाकं बसवायची कशी ते त्यांना माहीत नव्हतं. त्या बॅगेत आणखी एक सरावलेलं खापर घालून कुंदाबाई गोव्याच्या एका हॉटेलातल्या खाद्यमहोत्सवाला निघाल्या. विमानतळावर सामान घेणाऱ्या मुलीने विचारलं, "हा ढोल आहे का?"

"नही, खापर शे."

त्या मुलीला खापर म्हणजे काय ते माहीत नसावं. तिने नाजूक वस्तूचा लाल कागद चिकटवला. कागदावर पेल्याचं चित्र होतं आणि इंग्रजीत काही लिहिलं होतं. सामान चढवणारे तो वाचतात का, की चित्र बघतात, की काहीच बघत नाहीत, याचा विचार कुंदाबाई उतरेपर्यंत करत राहिल्या.

गोव्याला ती बॅग आली तेव्हा ओळखू येत नव्हती. एक पट्टा गायब होता, शिवण उसवली होती, फोम बाहेर लोंबत होता. बाजूला उभ्या असलेल्या बाईने तोंड वाकडं केलं. कुंदाबाईंनी खाली बसून फोम बाजूला सारला. खापर शाबूत होतं. साधा चरा नव्हता.

त्या रात्री हॉटेलच्या मागच्या अंगणात विटांची चूल मांडून त्यांनी मांडे केले आणि ते तसे झाले जसे पारोळ्यात होतात. हॉटेलचा मुख्य आचारी शेजारी उभा राहून बघत होता. त्यानेही हातावर गोळा घेऊन पाहिला, तो कोपरावरून खाली पडला, आणि दोघंही हसले. कुंदाबाईंना फार बरं वाटलं. पण बरं वाटत असतानाच डोक्यात घोळ चालू होता. मजबूत बॅगेत खापर फुटलं आणि फाटलेल्या बॅगेत वाचलं. मग मजबूत कशाला म्हणायचं?

पुढचं बोलावणं अहमदाबादचं. आता सगळ्यांनाच वाटायला लागलं की आपल्याला कळलंय. नवलभाऊ म्हणाले, फोम पिवळ्या बॅगेत घालू. घालून पाहिला तर बॅग मिटेना. अर्हम म्हणाला, मग मोठी घ्या. मोठी कडक बॅग काट्याला लावली तर रिकामीच इतकी जड निघाली की खापर, फोम आणि लोकवनचं पीठ भरलं की विमानवाल्यांच्या मर्यादेबाहेर जात होती. मर्यादेत बसवायची तर पीठ काढा. पण कुंदाबाईंना आपलंच पीठ लागतं, त्या गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून नेतात. दुसऱ्या पिठाचा मांडा हातावरच फाटतो.

"मग हलकी घेऊ," नूतन म्हणाली.

"हलकी टिकत नाही," अर्हम म्हणाला.

"टिकणारी हलकी नसते का?"

"असते. पण ती आमच्या दुकानात कोणी मागत नाही म्हणून ठेवत नाही."

कुंदाबाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. अर्हमने त्यांना पाणी दिलं. "बठ्ठा येगयेगळं सांगतस," त्या म्हणाल्या. "मी कोन्हं ऐकू?"

मग त्या उठल्या आणि कापडी मांडणीतली एक करडी बॅग त्यांनी स्वतःच खाली ओढली. चेन जाड, कोपऱ्यांना रबर, दोन मोठी चाकं बॅगेच्या आत अर्धी दडलेली. तीच का, असं नूतनने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मालेबी माहीत नही." सुगनचंदशेठना आनंद झाला असावा. त्यांनी चाकांत तेल घालायला लावलं. बसमध्ये पारोळ्याला येताना एरंडोलपर्यंत कुंदाबाईंना वाटत होतं की आपण बरोबर घेतली, आणि एरंडोलनंतर वाटायला लागलं की पिवळीच मोठी घ्यायला हवी होती.

अहमदाबादला खापर नीट पोचलं. तिथे योगराज महाजन म्हणून दोंडाईच्याकडचे एक व्यापारी आहेत, त्यांच्या घरी मुक्काम होता. त्यांची बायको दिपमाला मोठी हौशी. मांडे झाल्यावर ती म्हणाली, "काकू, खापर इथेच ठेवून जा. दरवर्षी तर यायचंच आहे तुम्हाला. कशाला एवढी ने-आण?"

हे कुणालाच आधी सुचलं नव्हतं. कुंदाबाईंनी खापर ठेवलं. प्रत्येक गावात एक खापर ठेवायचं, मग बॅगेची कटकटच नाही. परतताना करडी बॅग रिकामी होती, आत नुसता फोम. त्या रिकाम्या बॅगेची चेन मात्र त्या प्रवासात तुटली.

"रिकामी बॅगनी चेन कशी तुटस?" नवलभाऊंनी विचारलं. आणि नवी चेन बसवायला घेतली.

काही आठवड्यांनी दिपमालाने फोटो पाठवला. गच्चीवर कुंदाबाईंचं खापर उताणं ठेवलेलं, त्यात पाणी, आणि कडेला दोन साळुंक्या. खाली लिहिलं होतं, तुमच्या खापराला रोज पाहुणे येतात. कुंदाबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. पाखरं पाणी पितात हे चांगलंच होतं. पण महिनोन्‌महिने पाणी प्यायलेलं खापर पुन्हा जाळावर ठेवलं तर ते टिकेल की तडकेल? राग करावा तर पोरीने काही वाईट केलेलं नाही. त्यांनी नूतनला सांगून उत्तर पाठवलं, छान आहे. आणि बाजारातून नवं खापर आणून त्याला तेल लावून चुलीवर सरावायला घातलं. करडी बॅग पुन्हा खाटेखालून बाहेर आली.

आता कुंदाबाईंचे विमानाचे इतके फेरे झाले आहेत की आमच्या गल्लीत कुणाला प्रवासाला निघायचं असलं की तो आधी त्यांच्याकडे येतो. मागच्या महिन्यात कौतिकभाऊ आले होते. त्यांच्या मुलीला दिल्लीला नोकरी लागली आहे, येणं-जाणं विमानाने होणार.

"कुंदाक्का, टिकाऊ बॅग कोणती घेऊ? तुम्हाला अनुभव आहे."

कुंदाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. सुतळी बांधलेल्या बॅगेचं, पिवळीचं, ढोलासारख्या बॅगेचं, करडीचं. कोणत्या बॅगेत खापर फुटलं, कोणती फाटली, कोणत्या बॅगेला काही झालं नाही आणि तरी काय झालं. नवलभाऊ मध्ये मध्ये फोमबद्दल बोलत होते. चहा झाला. कौतिकभाऊंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आले तेव्हा त्यांना जास्त कळत होतं.

"म्हणजे मी कोणती घेऊ?" त्यांनी पुन्हा विचारलं.

कुंदाबाईंनी उलट विचारलं, "तुन्ही पोर बॅगमा काय लई जाई ऱ्हायनी?"

"कपडे. पुस्तकं. दुसरं काय?"

"मंग माले सांगता येत नही भाऊ," त्या अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या. "कपडा भराले बॅग मी आजवर कधी लिधीच नही. मन्हा कपडा पिशवीमाच ऱ्हातस."