चिकूच्या बिया आणि बोटीवरचा कॅसिनो

आमच्या चिखले गावात श्रावणात बायका पत्ते खेळतात. शेजारच्या गुजराती घरांतून ही रीत आमच्याकडे कधी आली, कुणालाच ठाऊक नाही. तीन पत्ती आमच्या ओट्यावर रंगते आणि पैशांच्या जागी चिकूच्या काळ्या, गुळगुळीत बिया असतात. नियम आईचा: उठताना जिंकलेल्या सगळ्या बिया तिथेच मध्ये ठेवायच्या, घरी काही न्यायचं नाही. बहुतेक वेळा आईच जिंकते. मग झोपाळ्यावरून, पेपराआडून बाबा म्हणतात, "बियांवर काय, कोणीही जिंकेल."

वर्षानुवर्षं हे ऐकून आईच्या मनाने एकच घेतलं होतं. आपल्याला खरंच खेळता येतं, की शेजारणी आपलं मन राखतात? ओळखीचं कुणी नसेल अशा टेबलावर बसून तिला ते एकदा बघायचं होतं. म्हणून लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा "कुठे जायचं?" असं मी विचारल्यावर ती पटकन म्हणाली, "कॅसिनोवाल्या बोटीवर." बाबांचा चहा बशीत सांडला.

डहाणू स्टेशनजवळच्या ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. बाबा आधीच फुरंगटलेले. "समुद्र आपल्या दारात आहे. तो बघायला पैसे कशाला द्यायचे?"

"मला समुद्र नाही बघायचा," आई म्हणाली. "पत्ते बघायचेत."

ट्रॅव्हलवाल्याने तीन बोटींची माहितीपत्रकं पसरली. बाबांनी लगेच भजनसंध्येवालं उचललं. आईने उरलेली दोन पुढ्यात ओढली. मला वाटलं, ती खोल्या बघेल, जेवण विचारेल. तिने विचारलं, "पत्ते कोण पिसतं?"

बिचारा गडबडला. त्याने दोन-तीन फोन केले. एका बोटीवर सगळा खेळ मशीनवर होता, दुसरीवर माणसं पत्ते वाटत होती. "मशीनचं तोंड वाचता येतं का?" असं म्हणून आईने दुसरी निवडली. विमानाचं तिकीट काढतानासुद्धा मी इतकी अक्कल चालवलेली नाही. मला तिचा हेवाच वाटला.

बोटीवर चढलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, भर समुद्रात, ती नऊवारी सावरत कॅसिनोत शिरली. बटव्यात ठरवून आणलेले होते तेवढेच पैसे. आधी नुसती उभी राहून पत्ते वाटणाऱ्या मुलीचे हात बघत होती. मग बसली. हलके पत्ते आले की शांतपणे ठेवून द्यायची, चांगले आले तरी चेहरा तसाच. तासाभरात तिच्यापुढे पैशांऐवजी वापरायच्या रंगीत चकत्यांचा ढीग झाला. आजूबाजूचे लोक थांबून बघायला लागले. बाबाही.

आई उठली. दोन्ही हातांनी सगळा ढीग टेबलाच्या मध्यभागी सरकवला, त्या मुलीला म्हणाली, "छान पत्ते वाटतेस हो," आणि चालू लागली.

मी ढिगाकडे झेपावले. बाबांनी माझं मनगट धरलं. रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी भांडणारे माझे बाबा! "हात लावू नकोस," ते म्हणाले.

डेकवर पोचल्यावर आईने कपाळाला हात लावला. "अगबाई! त्या बिया नव्हत्या!" मग बाबांवर उखडली. "तुम्ही बघत होतात ना? बोलला का नाहीत?"

बाबा कठड्याला धरून उभे होते. "इतक्या ऐटीत उठलीस," ते म्हणाले, "मध्ये बोलवेना."

पैसे गेल्याचं मला दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आई मात्र परतेपर्यंत पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

यंदा श्रावणात ओट्यावर बायका जमल्या, आईने पत्ते पिसायला घेतले. झोपाळा थांबला. बाबांनी पेपराची घडी केली, गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले आणि बियांच्या डब्यातून मूठभर बिया आपल्यापुढे ओतून घेतल्या.

"मलाही वाट," ते म्हणाले. "आणि मन राखू नकोस."