एका सातबाऱ्यामागं एक नोकरी

वैजापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी आयुष्यभर कंपनी शिकवली. कंपनी ही कायद्यानं निर्माण केलेली कृत्रिम व्यक्ती. तिला शरीर नाही, पण ती जमीन घेते, करार करते, कोर्टात जाते. भागधारक येतात, जातात, मरतात. कंपनी चालूच राहते. हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण कंपनीच्या गेटच्या आत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आत माझा धाकटा भाऊ जायचा.

वाळूजची आमची जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हा तिथं येणाऱ्या कंपनीत एका सातबाऱ्यामागं एकाला नोकरी, असं ठरलं. आम्ही भाऊ दोघं. मी नुकताच बी.कॉम. झालेलो, तो दहावीला दोनदा आपटलेला. वडिलांनी आधी मलाच विचारलं.

"कंपनीचं काय खरं? आज हाय, उद्या टाळं," मी म्हणालो. "त्याला जाऊ द्या."

आणि ना-हरकतीच्या कागदावर सही ठोकली. मनात होतं ते वेगळंच. शिकल्यासवरल्या माणसानं नटबोल्ट आवळायचे? ते काम त्याच्याच लायकीचं, असं मला वाटलं होतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही.

पुढं माझं कॉलेज विनाअनुदानित होतं ते तसंच राहिलं. दर जूनला माझी नेमणूक नव्यानं व्हायची. त्याला मात्र कोपऱ्यावर कंपनीची बस न्यायला यायची. दिवाळीला मिठाईचा एवढा मोठा खोका. पोरींना शिष्यवृत्ती. मी फळ्यावर लिहायचो त्या बिनशरीराच्या बाईनं त्याचं घर चालवलं, आणि माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिच्याच विम्यात झालं. आई त्याच्याकडं गेली ती कायमची. जळफळाट होत होता, दुसरा शब्द नाही त्याला. फोनवर आई म्हणायची, "इथं लई चांगलंय रं, तू कशाला काळजी करतूस?" आणि माझं जेवण कडू व्हायचं.

कंपनी विकली जाणार अशी बातमी आली, तेव्हा मी बायकोला दुसरा चहा टाकायला सांगितला. इतका खूश होतो. पण झालं काय, मालक बदलला, गेटवरची पाटी बदलली, बसचा रंग बदलला, आणि बस दुसऱ्या दिवशी बरोबर वेळेवर आली. माझ्याच पुस्तकातली व्याख्या माझ्यावर उलटली.

गेल्या हिवाळ्यात तो निवृत्त झाला. निरोपाला घरच्यांना आत बोलावलं होतं. आमची विहीर होती तिथं आता आग विझवण्याच्या पाण्याची टाकी आहे. कडेचं लिंबाचं झाड कुणी तोडलं नाही. "डबा हितंच खायचो रोज," भाऊ म्हणाला. मला त्या झाडाचाही हेवा वाटला. आमच्या शेतात इतकी वर्षं हा जेवत होता, आणि मी वैजापूरला खडू झटकत होतो.

सत्कार झाला. शाल, नारळ, घड्याळ. मग त्याच्या हातात माईक दिला. तो आधी गडबडला.

"मला काय बोलता येत नाय," तो म्हणाला. "पन येक सांगतो. ही नोकरी माजी न्हवती. माज्या दादाची हुती. त्यो शिकलेला, त्योच हितं सायेब झाला असता. पन त्यानं सही केली, मला दिली. म्हनून माज्या पोरी शिकल्या."

सगळा हॉल माझ्याकडं वळला. टाळ्या सुरू झाल्या. इतकी वर्षं मी त्याच्या प्रत्येक गोष्टीवर जळलो होतो. आता त्याच्या मोठ्या मनावर जळण्याची पाळी आली. कुणीतरी माईक माझ्यापुढं केला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"थोरल्याचं कर्तव्यच असतं ते," मी म्हणालो.

खाली बसलो तेव्हा आईचे डोळे भरून आलेले. "मला कधी बोलला नाहीस रं," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो हात एकदा फिरावा म्हणून मी वर्षानुवर्षं झुरलो होतो. तो खोट्यावर फिरत होता, आणि मी पाठ जराही हलवली नाही.