झाडाकडे जाणारा वर्ग

सांगलीच्या अलीकडे, कृष्णेच्या काठी वसलेल्या एका गावच्या हायस्कुलात बाळगोंडा पाटील हे चित्रकला शिकवीत असत. गावातील लोक त्यांना ‘चितार मास्तर’ म्हणत, आणि त्या म्हणण्यात आदरापेक्षा कौतुकमिश्रित थट्टाच अधिक असे. कारण मास्तरांचा वर्ग कधी वर्गात भरतच नसे. घंटा झाली, की मुले पाट्या काखेत मारून त्यांच्या मागोमाग बाहेर पडत. कधी पांगाऱ्याखाली, कधी कुंपणावरच्या घाणेरीसमोर, तर कधी नदीकाठच्या करंजाच्या सावलीत हा वर्ग बसे. लढाईमुळे चित्रकलेचा कागद मिळेनासा झाला होता. म्हणून सराव पाटीवर आणि शेवटचे चित्र तेवढे कागदावर, असा शिरस्ता मास्तरांनी घालून दिला होता.

वर्ग बाहेर नेण्याचे कारण मात्र कागदाची टंचाई नव्हते. मास्तरांचे घराणे जैन शेतकऱ्यांचे. वडील लवकर वारले आणि आई राजमती हिने शेती सांभाळून मुलाला मुंबईस चित्रकला शिकावयास पाठविले. शिक्षण पुरे करून ते नोकरीवर रुजू झाले, त्याच आठवड्यात एके सकाळी ओसरीवर तगरीची फांदी तांब्यात ठेवून ते रंगवीत बसले होते. आई दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती.

“चितार लय ब्येस झालाय,” ती म्हणाली. “आता ह्या फांदीचं काय करतोस?”

“काय करायचं, आव्वा? टाकून द्यायची.”

“आनि शाळंतली पोरं?”

“त्यांना एकेक फांदी द्यावी लागेल.”

“म्हंजे सगळी पोरं सगळं वरीस तोडत बसनार, आनि तोडलेलं टाकनार.” आई ओसरीच्या कडेला टेकली. “नेम घे बाळगोंडा. चितारासाठी हिरवं तोडायचं न्हाई. आपुन तोडायचं न्हाई, दुसऱ्याकडनं तोडवायचं न्हाई, आनि कुनी तोडलं तर बरं झालं म्हनायचं न्हाई.”

मास्तरांनी नेम घेतला. झाड आपल्याकडे आणावयाचे नाही, तर आपणच झाडाकडे जावयाचे. ही गोष्ट त्यांना पुढे अभ्यासाच्या दृष्टीनेही पटली. पान देठाला कोठे जडते, पेर कोठे वळते, ऊन कोणत्या बाजूने खाल्ले आहे, हे सारे ते मुलांना झाडापुढे बसवून दाखवीत. बोट लावण्याआधी डोळा लावा, असे ते म्हणत. मुलांची चित्रे ताठ, टवटवीत आणि उजेडाकडे तोंड केलेली असत, आणि मास्तरांना त्यांचा मनातून अभिमान वाटे.

हा अभिमान सन चव्वेचाळीसच्या परीक्षेत उतरला. सरकारी चित्रकला परीक्षेचे केंद्र सांगलीस होते, आणि तीत निसर्गचित्राची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. प्रत्येक मुलासमोर बाटलीत पाणी घालून एक फांदी ठेवीत आणि तिचे रंगीत चित्र काढावयास सांगत. मास्तरांची मुले बाकांवर बसली, फांदीकडे पाहू लागली आणि गोंधळली. सयाजी नावाचा एक मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ पलटणीत ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेला होता, आणि त्याच्या अंगातही शिपायाचा सडेतोडपणा होता. तो सरळ उभा राहिला.

“सायेब, ह्याचं झाड कुठं हाय?”

“कसलं झाड?” पर्यवेक्षकांनी विचारले.

“ही फांदी जिथनं आनली त्ये. तिथं जाऊन बसतो की.”

सारे दालन हसले. सयाजी खाली बसला आणि आपल्या मनाने चित्र काढू लागला. फांदी उकाड्याने मान टाकून बाटलीच्या काठावर लोंबत होती, तरी त्याने ती झाडावर असेल तशी ताठ आणि उजेडाकडे वळलेली काढली. बाकीच्यांनीही थोड्याफार फरकाने तेच केले. निकाल लागला तेव्हा निसर्गचित्रात मास्तरांची सारी मुले नापास झाली होती.

हेडमास्तर करंदीकर हे साताऱ्याहून बदलून आलेले, शिस्तीचे पण सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली.

“पाटील, तुमच्या मुलांनी डोळ्यांसमोरचे सोडून डोक्यातले काढले. यात दोष मुलांचा नाही, हे तुम्हालाही कळते.”

“कळतं, सर. शिकवण्यात माझंच चुकलं.”

“मग ऐका. शाळेच्या कमिटीला चित्रकला नकोच आहे. त्या तासाला त्यांना जमाखर्च शिकवायचाय. मी एक वर्ष मागून घेतले आहे. रोज फांद्या तोडून बाटलीत ठेवा आणि सराव करून घ्या. पुढच्या वेळी निकाल असाच आला, तर हा वर्ग बंद होईल. तुमचा नेम मी जाणतो. पण परीक्षक जाणत नाहीत.”

मास्तर नमस्कार करून बाहेर आले. वर्ग बंद झाला तर आपली नोकरी जाईल, ही चिंता होतीच. परंतु गावातील ज्या मुलांनी घाणेरीच्या फुलातले रंग पहिल्यांदा वेगळे पाहिले, त्यांच्या हातून पाटी कायमची जाईल, हे त्यांना अधिक लागले. आणि दुसऱ्या बाजूस आईपुढे घेतलेला नेम होता. एकदा ते कात्री घेऊन शाळेच्या आवारातील तगरीपाशी गेलेही. कात्री उघडली, तशीच मिटली आणि परत कपाटात नेऊन ठेवली.

असे करता करता पुढल्या वर्षीचा भाद्रपद आला. जैन घरांत दशलक्षण पर्वाची तयारी सुरू झाली. त्या दिवसांत हिरवी भाजीसुद्धा घरात येत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत सारे रान फुलून निघालेले असते. एके दिवशी मास्तर शेताच्या वाटेने चालले असता त्यांच्या आडसाली उसात भांगलण चाललेली दिसली. बायका खुरप्याने तण काढून बांधावर टाकीत होत्या. कुर्डूचे गुलाबी तुरे, निळ्या फुलांचा केना आणि पांढरा माका असे सारे मुळांसकट उन्हात पडून कोमेजत होते. मास्तर तेथेच थबकले. परीक्षेतल्या बाटलीत जी मान टाकलेली फांदी होती, तीच येथे बांधभर पडली होती; आणि ती चित्रासाठी कोणी तोडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ग बांधावर भरला. भांगलणीच्या टोळीची मुकादमीण रंगूबाई ही तोंडाची फटकळ होती.

“आवं मास्तर, पोरं भांगलायला आनलासा व्हय? मग खुरपी कुठं हायती?”

“चित्रं काढायला आणलीत, रंगूबाई. या तणाची.”

“तनाची? ऐका गं बायांनू! आमी जल्मभर उपटून टाकायलोय, आनि सरकार त्येची परीक्षा घेतंय!”

बायका पोट धरून हसल्या, मुलेही हसली. मग मास्तरांनी प्रत्येकास तणाचा एकेक तुरा उचलून समोर ठेवावयास लावले.

“सयाजी, हा कुर्डू ताठ आहे का?”

“न्हाई गुरुजी. मान मोडल्यागत झालाय.”

“मग मान मोडलेलीच काढायची. पान वळलं तर वळलेलं, सुकलं तर सुकलेलं. आणि पाहता पाहता ते आणखी वळेल. तेव्हा आधी देठाची रेघ, मग बाकीचं.”

“मेल्यालं कशाला काढायचं?”

“तो मेलेला नाही, त्याच्यावर आत्ता जे चाललंय ते काढायचं. गेल्या वर्षी ते मी तुम्हाला शिकवलं नव्हतं.”

सयाजीने पाटी पुसली आणि पुन्हा मांडी घातली. हळूहळू त्यांच्या पाट्यांवर वाकलेले देठ आणि दुमडलेली पाने खरीखुरी उमटू लागली.

या आनंदाच्या भरात मास्तरांकडून एक चूक घडली. वर्ग आटोपताना ते सहज बोलून गेले, “रंगूबाई, फुलासकट अख्खं निघालं तर बरं होईल हं.” दुसऱ्या दिवशी ते बांधावर गेले, तो रंगूबाई हसतमुखाने पुढे आली आणि तिने टोपलीभर फुललेली रोपे त्यांच्यापुढे ठेवली. नदीकाठच्या गवतातून, जेथे भांगलण नव्हती आणि पीकही नव्हते, तेथून तिने ती वेचून आणली होती.

“तुमच्यासाठी म्हनून मुद्दाम उपटलं, मास्तर. एक पान मोडलं न्हाई बगा.”

मास्तरांच्या हातातील खडू तसाच राहिला. स्वतः तोडले नव्हते. पण तोडविले होते, आणि क्षणभर बरेही वाटले होते. त्या दिवशी त्यांनी वर्ग घेतला नाही. घरी जाऊन त्यांनी सारी हकीकत आईला सांगितली. राजमतीबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

“उद्या उपास कर,” त्या म्हणाल्या. “आनि त्या टोपलीभर रोपांचं काय केलंस?”

“तिथंच बांधावर आहेत.”

“म्हंजे टाकलासच की. आरं, मुळं हायती न्हवं त्यांस्नी? टाकून का देतोस? लाव जा.”

मास्तर त्याच पावली परत गेले. मुलांना घेऊन त्यांनी ती रोपे शाळेच्या कुंपणालगत ओल्या मातीत लावली. रंगूबाई कमरेवर हात देऊन पाहत होती.

“पैल्यांदा बगतेय बाई, तन लावनारा मानूस! तन काढू नगा म्हनतासा का काढा म्हनतासा, येक काय त्ये सांगा.”

“पिकातलं काढा, रंगूबाई. फक्त आमच्यासाठी म्हणून काढू नका. चूक माझीच झाली.”

“बरं बाबा. पन ह्यातलं बाकीचं जगंल का न्हाई कुनास ठावं. केना तेवढा जगंल. लय चिवट. बांधावर टाकला तरी तितंच मूळ धरतोय.”

आणि तसेच झाले. कुर्डू वाळून गेला, माका कुजला; केन्याने मात्र मूळ धरले. सयाजी रोज सकाळी येऊन तो पाहत असे.

पर्व संपले आणि परीक्षा आली. पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून धुराने काळवंडलेली मुले सांगलीस पोहोचली. त्या वर्षी बाटलीत जास्वंदीच्या फांद्या होत्या. मास्तर बाहेर व्हरांड्यात येरझारा घालीत होते. वेळ संपून मुले बाहेर आली. सयाजी सर्वांत शेवटी आला. त्याच्या हातात ओल्या पंचात गुंडाळलेले काहीतरी होते.

“काय आहे रे ते?”

“माजी फांदी. सायबांस्नी मागितली. म्हटलं, न्हाईतर टाकून दिनार की तुमी. त्ये म्हनाले, ने बाबा, मागच्या साली झाड मागत व्हतास, औंदा फांदीवर भागलं!”

“आणि चित्र?”

“मान टाकल्याली काढली, गुरुजी. फूल तर निम्म्यात मिटाय लागलं. आधी देठाची रेघ मारून ठिवली व्हती म्हनून वाचलो.”

ती फांदी त्यांनी केन्याशेजारी लावली. सयाजीचे पाहून इतरांनीही पुन्हा आत जाऊन आपापली फांदी मागून आणली होती. पुढे निकाल आला. एक मुलगा त्याच परीक्षेतल्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत अडकला. बाकी सारे उत्तीर्ण झाले. हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून घेतले.

“कमिटीने वर्ग ठेवला आहे, पाटील. मात्र एक विचारतो, तुम्ही फांद्या तोडल्यात का?”

“नाही, सर. परीक्षेने तोडलेल्या तेवढ्या आम्ही लावल्या.”

करंदीकरांनी चष्मा काढून पुसला आणि खिडकीतून कुंपणाकडे पाहिले. लावलेल्या फांद्यांपैकी बऱ्याच वाळल्या होत्या. पण काहींना शेंड्याशी हिरवा कोंब फुटला होता.

प्रतिवर्षी परीक्षेहून परतताना आपली फांदी मागून आणावयाची, हा तेव्हापासून वर्गाचा शिरस्ता झाला. चाळीसचे दशक संपता संपता कुंपणालगत जास्वंद, कण्हेर आणि तगर यांची रांग उभी राहिली होती. एकदा भाद्रपदात राजमतीबाई बस्तीतून, म्हणजे जैन देवळातून, परतताना तेथे थांबल्या. सयाजीच्या जास्वंदीला लाल फूल आले होते आणि नवी मुले तिच्यापुढे पाट्या घेऊन बसली होती. एक लहान मुलगी फूल जवळून पाहण्यासाठी फांदी खाली ओढू लागली.

“ओढू नगंस गं बाळ,” राजमतीबाई म्हणाल्या. “तूच उठून हुबी ऱ्हा की.”

मुलगी उभी राहिली. मास्तरांनी तिची पाटी धरली, त्यामुळे तिला दोन्ही हात मोकळे करून वर पाहता आले.