रस्त्याकडे पाठ

अमेरिकन लष्कराच्या त्या तुरुंगात एक नियम होता. कैदी आवारात काम करत असला आणि बाहेरच्या रस्त्यावरून कोणी साधा माणूस जाऊ लागला, की कैद्याने हातातले काम थांबवायचे आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहायचे. माणूस पुढे गेला की पहारेकरी शिटी वाजवी आणि काम पुन्हा सुरू होई. कैद्याची अब्रू राखण्यासाठी हा नियम केला आहे, असे मला तिथल्या कप्तानाने समजावून सांगितले होते. ज्याच्या सदऱ्याच्या पाठीवर वीतभर उंचीचे पांढरे अक्षर रंगवले आहे त्याची अब्रू पाठ फिरवल्याने कशी राहते, हे मी त्याला विचारले नाही. आपल्या व्यवस्थेवर तो इतका खूश होता की विचारण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा साठचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मी जर्मनीत कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेटचे काम करत होतो. प्रयोगशाळेतल्या लांबलचक काचेच्या पन्हळीत पाणी सोडायचे आणि वाळू कशी सरकते ते पाहायचे, हे माझे काम. राहायला एका विधवेच्या घरातली मागची खोली होती. बाई मला पहिल्या दिवसापासून ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत. मी अजून डॉक्टर झालेलो नाही, असे दोनतीनदा सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, “होणारच आहात ना? मग मला मध्येच सवय बदलायला कशाला लावता?”

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकदेखील झाले नव्हते. हेडमास्तरांनी फी माफ केली, शाळा सुटल्यावर थांबवून इंग्रजी शिकवले, आणि नगर वाचनालयात येणारी गुळगुळीत कागदाची अमेरिकन मासिके वाचायला लावली. त्या मासिकांत शाळा, धरणे, न्यायालये, हसतमुख माणसे असत. जिथे माणसाला माणूस म्हणून वागवतात असा एक देश आहे, असे माझे ठाम मत त्या वाचनालयातल्या बाकावर तयार झाले. हेडमास्तरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्या मासिकांचे विसरलो आहे.

बाईंची मुलगी बटणांच्या दुकानात काम करी. तिचे शहरातल्या अमेरिकन छावणीतल्या एका शिपायावर प्रेम होते आणि तिला मूल होणार होते. शिपाई काळा होता. बाई सुरुवातीला त्याचा उल्लेख फक्त ‘तो अमेरिकन’ असा करत, आणि तोही खिडकी लावून घेतल्यावर. पण दोघांना लग्न करायचे होते, आणि तिथेच घोडे अडले होते. अमेरिकन शिपायाला लग्नासाठी वरिष्ठाची परवानगी लागे. ह्याने अर्ज केला होता. गोऱ्या शिपायांचे अर्ज वेळेवर सुटत. ह्याचा अर्ज ‘विचाराधीन’ होता. मूल मात्र कोणाच्या विचारासाठी थांबणार नव्हते.

बाळंतपणाच्या आठवड्यात त्याची तुकडी सरावासाठी बव्हेरियात गेली. त्याने रजा मागितली. बायको नाही तर बाळंतपणाची रजा कसली, असे उत्तर मिळाले. तो न सांगता निघाला, इस्पितळात येऊन बसला, मुलगी झाली ती पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी बराकीच्या फाटकाशी जाऊन हजर झाला. जाताना पहारेकऱ्यांसाठी पेस्ट्रीचा पुडा घेऊन गेला होता. त्यांनी पेस्ट्री खाल्ली आणि त्याला आत टाकले. लष्करी न्यायालयाने सहा महिने दिले.

तुरुंग रेल्वेने तासाभराच्या अंतरावर होता. पहिल्या शनिवारी बाईंची मुलगी बाळाला घेऊन गेली तेव्हा मी बाळाची गाडी चढवायला-उतरवायला आणि इंग्रजी बोलायला बरोबर होतो. फाटकावरच्या सार्जंटने अगदी सौजन्याने सांगितले की भेट फक्त कुटुंबाला मिळते. ती म्हणाली, हे त्याचे मूल आहे. सार्जंट म्हणाला, बाळ फार गोड आहे, पण कागदोपत्री हे कुटुंब नाही.

तुरुंगाच्या मागून एक कच्चा रस्ता जाई. त्याच्या पलीकडे शहरातल्या लोकांचे भाजीचे वाफे आणि लाकडी खोपटी होती. त्या रस्त्यावरून तारेच्या कुंपणाआड गवत कापणारे कैदी दिसत. तोही दिसला. त्याने आम्हाला पाहिले, एक पाऊल पुढे टाकले, पहारेकरी काहीतरी ओरडला, आणि सगळेच्या सगळे वळले. पांढरी अक्षरे ओळीने आमच्यासमोर उभी राहिली. त्यानंतर ती दर शनिवारी जाऊ लागली. बापाने लेकीचे तोंड पाहायचे नाही आणि लेकीने बापाची पाठ पाहायची, अशी ती भेट.

आमच्या गावात शाळेला लागून मामलेदार कचेरीची छोटी कोठडी होती. सकाळी हवालदार कैद्यांना दोरी बांधून विहिरीवर पाणी काढायला आणी. तो हवालदार काही देवमाणूस नव्हता. लाथ घालायला कमी करत नसे. पण कैद्याची बायको पोर घेऊन विहिरीवर आली की दोरी सैल सोडी आणि स्वतः विडी ओढत दुसरीकडे बघत बसे. तोंड फिरवायचे असेल तर ते कोणी फिरवायचे, एवढे त्याला कळत होते. आणि इथे अख्खी शास्त्रशुद्ध व्यवस्था उभी होती, तिला कळत नव्हते.

माझ्याच प्रयोगशाळेत पुण्याचा एक विद्यार्थी होता. माझ्या अमेरिकाप्रेमाची त्याला माहिती असल्याने तो मला ‘मास्तर’ म्हणून चिडवी. मी हे सगळे सांगितल्यावर तो म्हणाला, “मास्तर, तुमची लोकशाही शनिवारी बंद असते वाटतं. सोमवारी जाऊन बघा.”

सोमवारी नाही, पण एका बुधवारी आम्हाला खरेच कप्तानाची वेळ मिळाली. बाईंनी त्यांच्या चर्चमधल्या पाद्र्याला गाठले, त्याने अमेरिकन पाद्र्याला, आणि त्याने कप्तानाला. शिक्षा संपताना कैद्याचे पुढे काय करायचे हे एक मंडळ ठरवणार होते. त्याला इथल्या तुकडीत परत घेतले तर लग्नाचा अर्ज जिवंत राहणार होता. अमेरिकेला पाठवले तर अर्ज मेला, आणि साध्या शिपायाला स्वतःच्या खर्चाने परत येणे म्हणजे काही वर्षांची गोष्ट. बाई, मुलगी आणि मी असे तिघे गेलो.

कप्तान तरुण होता. कुठल्याशा कॉलेजात मानसशास्त्र शिकून आला होता. कागदी पेल्यांतून कॉफी दिली, मला पहिल्या नावाने हाक मारू लागला, आणि मी तुरुंग पाहायला आलेला पाहुणा असल्यासारखी माहिती देऊ लागला. इथे शिक्षा नाही, सुधारणा होते. प्रत्येक कैद्याच्या छातीवर रंगीत बिल्ला असतो. वागणूक सुधारली की रंग बदलतो. शेवटच्या रंगाचा बिल्ला मिळाला की कैदी कुंपणाबाहेर, पहाऱ्याशिवाय काम करू शकतो, कारण तोवर पहारा त्याच्या आत तयार झालेला असतो. हे शेवटचे वाक्य त्याने सावकाश म्हटले, मी लिहून घ्यावे अशा बेताने.

मी भेटीचे विचारले. तो म्हणाला, दुर्दैवाने नियम स्पष्ट आहे. ही बायको नाही, म्हणजे त्याचे इथे कुटुंब नाही.

मी बाईंना जर्मनमध्ये सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारायला लावला: त्याला इथल्याच तुकडीत परत पाठवतील का?

कप्तान पुढे झुकला. त्याचा स्वर आता खाजगी झाला होता. “हे बघ, मी तुला सरळ सांगतो. ज्याचे कुटुंब कुंपणाच्या पलीकडे राहते, तो माणूस पुन्हा पळणार. धोका तोच आहे.”

मी ह्याचेही भाषांतर केले. त्याला कुटुंब नाही असे कप्तानाने म्हटल्याला अजून पेल्यातली कॉफी निवण्याइतकाही वेळ झाला नव्हता. बाईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली.

“हेर डॉक्टर, त्यांना विचारा,” त्या म्हणाल्या, “त्याला कुटुंब आहे की नाही. त्यांना कोणतं सोयीचं असेल ते चालेल. पण एकच काहीतरी सांगा म्हणावं.”

मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितले. कप्तान मोकळेपणाने हसला. फार चांगला प्रश्न आहे, म्हणाला. मग घड्याळाकडे पाहिले आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आला. दारात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारले, तुमच्या देशात कैद्यांसाठी असे काही आहे का? मला तो विहिरीवरचा हवालदार आठवला. मी म्हटले, “आहे, पण अशिक्षित आहे.” त्याला ते कळले नाही, आणि मला समजावावेसे वाटले नाही.

परतीच्या गाडीत मुलगी रडली नाही. तिने एवढेच विचारले, की ह्या माणसाला स्वतःचे बोलणे ऐकू येत नाही का. मला वाटते, येत होते. फक्त त्याच्या शिक्षणाने त्याला एवढेच शिकवले होते की दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या नियमांतून आली आहेत, आणि नियम बरोबर असले की माणसाने बेरीज करायची नसते. मी शिक्षणावर वाढलेला माणूस आहे. शिकलेल्या माणसाबद्दल मनापासून तिरस्कार वाटण्याची माझी ती पहिली वेळ होती.

पुढच्या काही आठवड्यांत त्याच्या बिल्ल्याचे रंग बदलत गेले. तो उलट बोलत नव्हता, भांडत नव्हता, शिटीसरशी वळत होता. मग एके सकाळी प्रयोगशाळेत मला फोन आला. बाईंकडे फोन नव्हता म्हणून मी हाच नंबर देऊन ठेवला होता. कप्तान उत्साहात होता. मंडळाने ह्या शिपायाचे फार कौतुक केले आहे. शेवटचा बिल्ला मिळाला, उरलेली शिक्षा माफ, आणि बक्षीस म्हणून त्याला नव्याने सुरुवात करायला अमेरिकेला पाठवत आहेत. पुढच्या आठवड्यात विमान. “कुटुंबाला ही आनंदाची बातमी दे,” तो म्हणाला. ज्या दिवशी तोडायचे ठरले, त्या दिवशी त्याला कुटुंब दिसले.

मी ती बातमी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितली. मुलगी बाळाचे लंगोट घडी करत होती. घड्या करतच राहिली. बाईंनी विचारले की ह्यात बक्षीस कुठले आहे. मी म्हटले, त्यांच्या मते अमेरिकेला जायला कोणालाही आवडते. बाई म्हणाल्या, “हिटलरच्या वेळी आमच्याकडेही अशी माणसं होती. दुसऱ्याचं भलं कशात आहे ते त्यांना पाठ असायचं. पण ती निदान हसत नव्हती.”

त्या शनिवारच्या फेरीला बाई पहिल्यांदाच आमच्याबरोबर आल्या. चांगला कोट घातला होता. कच्च्या रस्त्यावर वळलो तर तो तारेच्या कुंपणाच्या ह्या बाजूला होता. एकटा. छातीवर तो शेवटचा बिल्ला, हातात गवत कापायचे यंत्र. आसपास कोणी पहारेकरी नाही, बंदूक नाही, शिटी नाही. आमच्यात आणि त्याच्यात गुडघाभर उंचीचे एक झुडपांचे कुंपण तेवढे होते.

आमच्या पावलांचा आवाज त्याने ऐकला. यंत्र थांबवले. आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी इंग्रजीत म्हणालो की इथे कोणी नाही, आम्हीच आहोत. त्याचे खांदे हलले, पण तो वळला नाही. त्याला वळायचे नव्हते असे नाही. वळता येत नव्हते. कप्तानाने जे तयार केले म्हणून सांगितले होते, ते मी डोळ्यांनी पाहत होतो, आणि ते खरोखरच उत्तम तयार झाले होते.

बाई झुडपांपाशी गेल्या. तोवर त्या त्याच्याशी कधी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्याला जर्मन जेमतेम समजे. घरात पोराला दटावतात त्या आवाजात, ‘तू’ म्हणून, त्या म्हणाल्या, “वळ. मी सांगतेय तुला. वळ, आणि हिला घे.”

तो वळला. बाईंनी बाळ त्याच्या हातात दिले. मी आणि बाई दोघेही भाजीच्या वाफ्यांकडे तोंड करून उभे राहिलो, आणि बराच वेळ कोबीकडे पाहिले.

तो अमेरिकेला गेला. लग्नाच्या अर्जावर जुन्या वरिष्ठाचे उत्तर आले, की हा शिपाई आता आपल्या अखत्यारीत नाही. नोकरीची मुदत संपल्यावर त्याने अमेरिकेत कुठेतरी मालधक्क्यावर काम करून भाडे जमवले आणि स्वतःच्या पैशाने बोटीने परत आला. तोवर मी खरा डॉक्टर झालो होतो आणि त्याची लेक चालू-बोलू लागली होती. लग्न टाउनहॉलमध्ये झाले. परवानगी विचारायला कोणी उरले नव्हते. त्याला टायरच्या कारखान्यात काम मिळाले. चांगला नवरा, चांगला बाप. बाई त्याला शेजाऱ्यांसमोर, खिडकी उघडी ठेवून, ‘माझा जावई’ म्हणत.

भारतात परत येण्याआधी एका रविवारी मी त्या सगळ्यांबरोबर ट्राममधून चाललो होतो. पुढच्या थांब्यावर गणवेशातला तिकीट तपासनीस चढला. बाईंचा जावई हातातली पिशवी खाली ठेवून उठला आणि खिडकीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. तिकीट खिशात होते. तपासनिसाने आमची तिकिटे पाहिली, त्याच्याकडे जरा चमकून पाहिले आणि पुढे गेला.

बाईंनी त्याची बाही धरली. “वळ,” त्या हळूच म्हणाल्या. आवाजावरून कळत होते की हे त्यांना रोजचे झाले होते. तो वळला, बसला आणि लेकीला मांडीवर घेतले. कप्तानाच्या मंडळाच्या हिशेबी हा माणूस सुधारला होता. ती सुधारणा रोज थोडीथोडी पुसायचे काम त्या विधवेच्या वाट्याला आले होते, आणि त्यासाठी तिला कोणी रंगीत बिल्ला दिला नव्हता.